धूर तिरपा राहिला पाहिजे

आमच्या शहरात नळाला पाणी आलं की नातेवाइकांना फोन जातात. "तुमच्याकडं सुटलं का?" "आत्ताच सुटलं, ठेवा फोन!" मग पिंपं, हंडे, पाइप आणि शेजाऱ्यांशी भांडणं. अशा छत्रपती संभाजीनगरात बसून मी होड्यांचं काम करतो असं सांगितलं की माणूस आधी हसतो. मग माझ्याकडं नीट बघून विचारतो, "म्हणजे खेळण्यातल्या का?"

नाही हो. खऱ्या होड्या. वर शीड, खाली विजेची मोटर. त्या होड्या वारा पडलेला असतानाही चालत्या ठेवायच्या, हा माझा धंदा. आमच्याकडं समुद्र नसला तरी पैठणला नाथसागर आहे. समोरचा काठ दिसत नाही एवढं पाणी आहे तिथं. आमच्याच लोकांना ते पिकनिकच्या दिवशी तेवढं आठवतं, त्याला मी काय करू!

मूळचा मी मोटर वाइंडिंगवाला. तरुणपणी गोव्यात बोटी बांधणाऱ्या एका यार्डात वायरिंगच्या कामाला होतो, तिथं शिडाची गोडी लागली. परत येऊन चिकलठाण्याला शेड टाकलं आणि शेतातले जळके पंप बांधून देऊ लागलो. पुढं चांगल्या बॅटऱ्या मिळायला लागल्या, तेव्हा नाथसागराच्या काठाला जमीन असलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्त्री, पंपाला लावता तशी मोटर होडीला लागल का?" मी म्हटलं, "न लागायला काय झालं?" हे एवढं बोलून गेलो आणि आयुष्यभराचं काम गळ्यात पडलं. तक्रार नाही माझी. जळक्या पंपाच्या वासापेक्षा पाण्याचा वास केव्हाही बरा.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. वारा असला तर शीड, नसला तर मोटर, अडचण कुठं आहे? अडचण मधल्या वेळेत आहे. आमच्याकडं हिवाळ्यात सकाळी वारा असतो, पण नसल्यासारखा. गालाला कळतो, शिडाला कळत नाही. अशा वेळी मोटर बंद करून शिडावर जायला बघावं तर मोटरचा पंखा पाण्यात लटकलेला असतो. बंद पंखा म्हणजे होडीच्या मागं बादली बांधून ओढण्यासारखं. वाऱ्यानं जेवढं द्यायचं तेवढं पंखा खाऊन टाकतो. बरं, मोटरवरच जावं तर बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते.

याच्यावर उपाय आहेत. पंखा वर उचलून घ्यायचा. मिटणारा पंखा मिळाला तर तो लावायचा. होडीच्या बुडाचं शेवाळ घासून काढायचं. बॅटरीचं वजन मागं न ठेवता मधोमध घ्यायचं, नाहीतर होडीची शेपटी पाण्यात रुतते. वारा अगदीच कमी असला तर माणसांनी शीड ज्या बाजूला झुकलंय त्याच बाजूला बसायचं. होडी किंचित कलते, शीड आपल्या वजनानं लोंबून आकार धरतं. आणि उगा उठबस करायची नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या लोकांना सगळ्यात अवघड जाते. होडीत बसल्या बसल्या फोटो काढायला उभे राहतात!

शिडाची गोष्ट सांगायची तर रफीकभाईंचं नाव घ्यावंच लागेल. शहागंजात मंडपाचं कापड शिवायचे. गोव्याहून शीड मागवणं परवडेना म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. "क्या मियाँ, समंदर लेको आये क्या इधर?" म्हणाले. पहिलं शीड त्यांनी शिवलं ते ताणलेल्या मंडपासारखं सपाट. मी म्हटलं, रफीकभाई, ह्याला थोडं पोट पाहिजे. ते इतके हसले की चहा सांडला. "अरे, जिंदगीभर तंबू का पेट अंदर करने के पैसे लिया मैं. अब बाहर निकालने के लेऊँ?"

दुसरं शीड त्यांनी जोशात शिवलं, ते धान्याच्या पोत्यासारखं. तेही गेलं. मंद वाऱ्याला फार मोठं वळण घेता येत नाही, तो अर्ध्यातच शीड सोडून देतो. मग मी त्यांना गालावर फुंकर मारून दाखवली, हातवारे केले, वहिनी आतून बघून गेल्या की यांना झालं तरी काय. शेवटी रफीकभाईच म्हणाले, "शेरवानी की छाती बोलो ना सीधा!" आणि पातळ कापडाच्या पट्ट्या कडेला जरा गोलाई देऊन कापल्या, जोडल्या, तसं शीड बेतशीर फुगलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक होडीवर त्यांचंच शीड. पण हा माणूस कधी होडीत बसला नाही. पाण्याची भीती. "अगली बार, पक्का," म्हणायचे. अगली बार करता करता गेले. आपलं शीड भरताना त्यांनी खालून कधी बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता भाऊसाहेबांची गंमत सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

भाऊसाहेब ढोरकीनकडचे मोसंबीवाले बागायतदार. जमीन पाण्याला लागून. पाहुण्यांना फिरवायला त्यांनी होडी घेतली, मी मोटर आणि वर सोलरची पाटी बसवून दिली. पंधरवड्यानं त्यांचा फोन. "मिस्त्री, तुमची होडी आमच्या व्याह्याला घेऊन पळाली!"

झालं होतं असं. शेतातल्या पंपाला 'ऑटो' लावतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लाइट कधी येईल नेम नाही, आली की पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. भाऊसाहेबांनी आपल्या वायरमनकडून तोच ऑटो होडीला लावून घेतला. मग व्याह्यांना बसवून मोटर फुल सोडली. बॅटरी दमली, स्वतःला वाचवायला बंद पडली. कशीबशी वल्हवत होडी काठाला आणली, दोरीचा एक वेढा टाकला आणि भाऊसाहेब भाकरी आणायला घरी गेले. व्याही शिडाच्या सावलीत लवंडले. इकडं सोलरनं बॅटरीत जरा जीव भरला. ऑटोला वाटलं, लाइट आली! मोटर सुरू, वेढा सुटला, आणि भाऊसाहेब भाकरी घेऊन परत आले तोवर व्याही पाण्यात मध्यावर.

"अहो भाऊसाहेब, थांबवा हिला!"

"मी काय थांबवू? तुम्हीच बसलाय की तिच्यात!"

बॅटरी थोड्या वेळानं पुन्हा दमली. व्याह्यांनी देवाचे आभार मानले, तोवर उन्हानं पुन्हा जीव भरला आणि होडी पुन्हा निघाली. असं थांबत थांबत एका बाभळीच्या बेटाला जाऊन लागले, होडी आणि व्याही दोघंही. सोयरीक टिकली, एवढंच नशीब.

आपण हसतो, पण ही खोड आमच्या सगळ्या मुलखाच्या रक्तात आहे. लाइट हाय तवर मोटर चालवून घ्या! उद्याचं कुणी बघितलंय? विहिरीवर हे बरोबर आहे. होडीत हाच घात करतं. पाण्याला दुप्पट घाई दाखवली की ते बॅटरीतून कितीतरी पट वसूल करतं. मोटर अगदी बेताची, पाय न वाजवता चालल्यासारखी ठेवली तर दोन कामं होतात. पंखा ओढ देत नाही, ही एक. आणि होडी पुढं सरकली की तिला स्वतःचा वारा लागतो, जसा सायकलवर बिनवाऱ्याचाही लागतो. तो वारा आणि आभाळातला वारा मिळून शिडाला पुरेसा होतो. पण मोटर जास्त दाबली की सगळा वारा सरळ तोंडावर येतो. तोंडावरच्या वाऱ्यात शीड नुसतं फडफडतं, काडीचं काम करत नाही. मग तुम्ही आणि तुमची बॅटरी.

हे मी शंभर वेळा समजावून सांगितलंय. मान सगळे हलवतात. हात मात्र फुलवरच जातो.

लक्ष्मणतात्यांचा हातही तिथंच गेला, आणि त्यांचं तर सगळंच पणाला लागलं होतं.

तात्या पैठणच्या अलीकडच्या वस्तीतले, जातीचे भोई, जन्म मासेमारीत गेलेला. उजवा खांदा निकामी झाला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरनं वल्हं बंद म्हणून सांगितलं. जाळी लांब, बेटापलीकडं लागायची. तिथल्या पाण्यावर पक्षी उतरतात, इंजिनाचा आवाज तिकडं चालत नाही, आणि तात्यांनाही तो चालत नव्हता. त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर वाळूजला कंपनीत कामाला. त्यानं वडिलांसाठी तिथं गेटवर वॉचमनची जागा बोलून ठेवली होती. सुपरवायझरला सोमवारी सकाळी हो की नाही सांगायचं होतं. तात्या म्हणजे खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर बघणारा माणूस नव्हे. पण मुलगा तरी काय करणार? बापाला पाण्यात एकटा सोडून त्याला झोप लागत नव्हती.

तात्यांची बायको कौसाबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, ह्यो माणूस गेटावर बसला तर वर्ष काढणार नाय. म्या सांगते ना तुम्हाला."

"आगं गप की," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "पण खोटं बोलत नाय ती."

ज्ञानेश्वरची अट सरळ होती. वल्ह्याला हात न लावता तात्या जाळ्यांपर्यंत जाऊन मासळी घेऊन परत आले, तर वॉचमनगिरी रद्द. मी छाती ठोकून हो म्हटलं. तात्यांच्या होडीवर जुनं शीड होतंच, ते तसंच ठेवून मोटर बसवली. ती उचलून वर घ्यायची सोय मात्र तात्यांच्या कामाची नव्हती. खांदा कुठं होता उचलायला? पंखा कायम पाण्यातच राहणार होता. पुढं जाळी ठेवायला जागा हवी म्हणून बॅटरी मागं टाकली. मोटर बॅटरी किती खातेय ते काट्यानं दाखवणारी एक छोटी डबी लावली आणि सांगितलं, "तात्या, काटा ह्या हिरव्या पट्टीच्या पुढं जाऊ द्यायचा नाही."

शनिवारी सकाळी मी, तात्या आणि ज्ञानेश्वर असे तिघं निघालो. कौसाबाईनं रोजच्यासारखी पाण्याला हळदीकुंकू वाहिलं आणि होडीच्या नाकाडावरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या भोकात जाड उदबत्ती खोवली. गोदामाईला उदबत्ती दाखवल्याशिवाय त्यांच्या वस्तीतली होडी निघत नाही. वारा नावालाच होता. जरा आत गेलो न गेलो, तात्यांनी मोटरची मूठ पूर्ण पिळली.

"तात्या, हळू!"

"आवो, करंट हाय तवर निघून जाऊ. मंग शीड हायच की!"

मी डबीकडं बोट दाखवलं. उन्हाच्या तिरिपीनं मलाच काटा दिसेना, तर त्यांना चष्म्याशिवाय काय दिसणार! शीड वर फडफडत होतं. जाळ्यांपर्यंत झोकात पोचलो, मासळी भरली आणि परत फिरलो तशी मोटर गप्प झाली. पंखा पाण्यात, मागची बाजू बॅटरीनं आणि माशांनी दबलेली, वारा गालापुरता. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. होडी जागची हलेना.

ज्ञानेश्वरनं वल्ही उचलली. काठापर्यंत एकट्यानं वल्हवत आणली. उतरताना बापाला म्हणाला, "दादा, सोमवारी माझ्यासंगं चला. मला काय हौस नाय तुम्हाला गेटावर बसवायची. पण आज मी नसतो तर?"

तात्या खाली बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटर माझी, जबान माझी, आणि मान खाली गेली त्या माणसाची. मी रागानं म्हटलं, "सोमवार सकाळपर्यंत थांब. तुझा फोन सोमवारीच जाणार आहे ना?" त्यानं मान हलवली.

चहा पिताना कौसाबाई तात्यांचे डोळे बघून म्हणाली, "हे काय, लाल झाले की! धूर गेला का? वल्हवीत व्हते तवा उदबत्तीचा धूर कधी डोळ्यात जात नव्हता. आज काय मागंच बसला व्हता का तुमच्या?"

कपातला चहा माझ्या हातातच राहिला. अरे, मग मी एवढा वेळ काय बघत होतो! वल्हवताना होडी धिमी, आडवा वारा धूर बाजूला घेऊन जायचा. मोटर फुल सोडली, वारा सरळ समोरून आला आणि नाकाडावरचा धूर थेट मागं सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर. शिडाला लागणारा वारा कुठून येतोय हे ती उदबत्ती सकाळभर सांगत होती. आणि मी त्या माणसाला डबी दाखवत होतो!

"वहिनी," मी म्हटलं, "उदबत्तीचा पुडा हाय का घरात?"

"हाय की. आता पूजा घालताय का काय मोटरीची?"

रविवारी दिवसभर आम्ही राबलो. बॅटरी डोलकाठीच्या बुडाशी मधोमध घेतली, जाळी थोडी मागं सरकवली. होडी कलती करून बूड नारळाच्या काथ्यानं घासलं, हिरव्या शेवाळाचा ढीग निघाला. ती डबी मी काढून खिशात टाकली. तात्यांचं जुनं जाड ताडपत्रीचं शीड उतरवून माझ्याकडं राहिलेलं रफीकभाईंचं एक पातळ शीड चढवलं. मग तात्यांना काठावर बसवून सांगितलं, "तात्या, आता फक्त धूर बघायचा. धूर बाजूला तिरपा जात असला तर मोटर बरोबर. उदबत्तीचा वास नाकाला आला की समजायचं जास्त झाली, मूठ सोडायची. डोळ्याला नाही दिसलं तरी नाकाला कळेल ना?"

तात्या म्हणाले, "माशाच्या वासात गेला ह्यो जनम. उदबत्ती कळणार नाय व्हय?"

सोमवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. ज्ञानेश्वर काठावर उभा होता, कौसाबाई त्याच्या शेजारी. वारा परवासारखाच, गालापुरता. तात्यांनी मूठ इतकी कमी ठेवली की मोटर चालू आहे का नाही हे मला पाण्यात हात घालून बघावं लागलं. होडी सरकली. धूर आधी सरळ वर गेला, मग हळूच डाव्या अंगाला कलला. रफीकभाईंचं शीड दोनदा सुस्कारलं आणि भरलं. शेरवानीची छाती! मी मोठ्यानं म्हणालो, "रफीकभाई, देखो!" तात्यांनी माझ्याकडं चमकून बघितलं.

मध्येच जुनी खोड उसळली. बेट दिसलं तशी मूठ पिळली गेली. दुसऱ्याच क्षणी तात्यांचं नाक फुरफुरलं. "आला वास, आला!" म्हणून त्यांनी स्वतःच मूठ सोडली आणि स्वतःवरच हसायला लागले. मी तोंड उघडायच्या आत! इतकी वर्षं मी लोकांना ओरडून जे शिकवू शकलो नाही, ते एका उदबत्तीनं केलं. वाईट वाटलं का म्हणता? मला तर नाचावंसं वाटलं. पण होडीत उठायचं नाही हा माझाच नियम.

जाळी तात्यांनी डाव्या हातानं आणि मी दोन्ही हातांनी ओढली. मी हात लावला म्हणून कुणी नाक मुरडू नका, जाळ्याला मदत घ्यायला मनाई नव्हती, मनाई वल्ह्याला होती. नंतर मी त्यांना जाळं गुंडाळून वर ओढणारं एक छोटं गरगरं बसवून दिलं, आता एका हातानं जाळं येतं. परतीला उदबत्ती संपत आली, तात्यांनी तिच्यावरच दुसरी पेटवली. होडी धावत नव्हती. बाईनं डोक्यावर हंडा घेऊन चालावं तशी चालत होती, न सांडता. काठ जवळ आला तेव्हा वारा थोडा वाढला आणि तात्यांनी मोटर पार बंद केली. बॅटरीत भरपूर शिल्लक होतं. आता पंख्याची ओढ सोसूनही शीड होडीला आणत होतं. तात्या निकामी हात मांडीवर ठेवून, डाव्या हातात सुकाणू धरून बसले होते. एवढ्या आरामात त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

काठाशी पाणी शांत, आवाज स्वच्छ येतो. ज्ञानेश्वरच्या कानाला फोन लागलेला होता. सुपरवायझरचाच असणार, कारण तो एकदम ताठ उभा होता.

"नाय साहेब, येणार नायत ते." तो आमच्याकडं बघत होता. वल्ही होडीत तशीच कोरडी पडलेली होती. "नाय नाय, तब्येतीला काय झालं नाय. त्यांना टाइम नाय साहेब. कामावर गेलेत ते."